हृदयाभोवतीचं पाणी आणि अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी

आडवी झाले की छातीत दुखायचं आणि उठून पुढे वाकून बसले की उतरायचं. पहिल्या डॉक्टरांना मी हे अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. २०२४ चा जून महिना, मिरग लागून आठ-दहा दिवस झाले होते. त्याच्या पंधरा दिवस आधी घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप येऊन गेला होता. मी ४३ वर्षांची. बीपी नाही, साखर नाही. मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात आमसुलं, आगळ, फणसपोळी करून विकते. अशा बाईच्या छातीत दुखलं की ते पित्तच असणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मलाही पित्ताच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन मिळालं. पुढच्या दोन रात्री मी माजघरात बसून काढल्या. समोर उशांची चळत रचायची, तिच्यावर डोकं टेकायचं आणि पागोळ्यांचा आवाज ऐकत उजाडायची वाट बघायची. मोठा श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं आणि डाव्या खांद्यापर्यंत कळ जायची.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी काही न विचारता गाडी काढली आणि कणकवलीला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघितला. मग मला पुढे वाकायला लावलं, श्वास सोडून रोखून धरायला सांगितलं आणि स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या कडेला दाबून बराच वेळ ऐकत राहिले. "ताई, आवाज येतोय. नवी कातडी चप्पल करकरते ना, तसा." हृदयाला बाहेरून दोन पदरांचं पातळ आवरण असतं, त्याला सूज आली की ते पदर एकमेकांवर घासतात, असं त्यांनी सांगितलं. या आजाराला पेरिकार्डायटिस म्हणतात. लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. पडद्यावर माझं हृदय उघडझाप करत होतं आणि त्याच्या मागे काळ्या रंगाची एक चिंचोळी पट्टी होती. डॉक्टरांनी पट्टीच्या दोन्ही काठांवर दोन छोट्या फुल्या मारल्या, मधे आकडा आला. ८ मिलिमीटर. ते पाणी होतं.

त्या दोन पदरांमध्ये पाणी प्रत्येकाच्याच हृदयाभोवती असतं. १५ ते ५० मिलिलिटर, म्हणजे तीन ते दहा चहाचे चमचे. तेवढं वंगणासारखं लागतंच. सूज आली की आवरणातून जास्तीचं पाणी पाझरायला लागतं. १० मिलिमीटरच्या आत असेल तर थोडं, १० ते २० मध्यम, २० च्या वर गेलं तर खूप. पण आकड्याइतकाच वेगही महत्त्वाचा. हळूहळू साठलं तर पिशवी ताणत जाते आणि कधी कधी लिटरभर पाणीही मावून जातं. तेच झपाट्याने साठलं तर २०० मिलिलिटरसुद्धा हृदय दाबून टाकायला पुरतं. मग सुई घालून पाणी काढावं लागतं, आणि ते ताबडतोब. माझं ८ मिलिमीटर होतं, बीपी ठीक होता, मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. औषधांवर भागेल, असं ते म्हणाले.

कारण शोधायला रक्त घेतलं. थायरॉइड, किडनी, अंगातली सूज दाखवणारे सीआरपी आणि ईएसआर, संधिवाताच्या तपासण्या. छातीचा एक्स-रे, मॅन्टू ही टीबीची कातडीवरची चाचणी आणि थुंकीची तपासणीही झाली, कारण आपल्या देशात हृदयाभोवती पाणी म्हटलं की टीबीचा विचार करावाच लागतो. घरात कोणाला टीबी झाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ह्यांनी मुंबईहून परत आलेल्या मामांचं सांगितलं. गोष्ट जुनी, पण त्यांनी ती कागदावर लिहून घेतली. टीबी असता तर चार औषधांनी सुरू होणारा सहा महिन्यांचा वेगळाच कोर्स लागला असता. माझ्यात टीबीचं काही सापडलं नाही. फक्त सीआरपी ६४ आला, जो पाचच्या आत हवा. सर्दी-तापाच्या व्हायरसनेच हे झालं असावं, असा निष्कर्ष निघाला.

औषधं तीनच. आयबुप्रोफेन ६०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, पोट भरलेलं असतानाच. सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक गोळी, कारण एवढं आयबुप्रोफेन जठराला सोसत नाही. आणि कोल्चिसिन, अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. माझं वजन ५८ किलो आहे. ७० च्या वर असतं तर दोनदा दिली असती. आयबुप्रोफेन दोन आठवड्यांनी पायरीपायरीने कमी करायचं, कोल्चिसिन मात्र तीन महिने चालू ठेवायचं. रहाट ओढायचा नाही, पेट्या उचलायच्या नाहीत, चढ चढायचा नाही.

गावाजवळच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून विचारलं, "वैनी, तुमका युरिक ॲसिड आसा?" कोल्चिसिन त्याच्याकडे येतं ते पायाचा अंगठा सुजणाऱ्या गाउटच्या पेशंटसाठी. त्याने कुडाळहून दुसऱ्या दिवशी मागवून दिलं. गोळी इतकी लहान की पहिल्या दिवशी ती हातातून निसटून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडली आणि मला बराच वेळ सापडेना.

पाच दिवसांत दुखणं गेलं. मी पुन्हा आडवी झोपू लागले. कितीतरी दिवसांनी पाठ जमिनीला टेकली, तेव्हा रडू आलं.

या पहिल्या दिवसांतल्या एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. "पाणी झालंय" हे शब्द ऐकले की माणसांच्या डोळ्यांसमोर पायांची सूज येते. शेजारच्या काकी रात्री आल्या त्या हातात पाकीट घेऊनच. "पाणी झालासा? मगे ही लघवयेची गोळी घे. आमच्या ह्येंका हीच दिल्यानी, चार दिसांत पायांची सूज उतारली." माया खरी होती. पण त्यांच्या यजमानांचं हृदय अशक्त झालेलं, त्यांच्या अंगात साठलेलं पाणी वेगळं आणि माझं वेगळं. माझं पाणी सुजलेल्या आवरणातून पाझरत होतं. लघवीची गोळी ती सूज उतरवत नाही. उलट, हृदयावर दाब येत असताना शरीरातलं पाणी कमी केलं तर हृदयात भरायला रक्तच कमी पडतं आणि बीपी कोसळू शकतो. मी फोन करून विचारलं आणि पाकीट काकींना परत दिलं. सुके बांगडे आणि पापड खाऊ का, हेही त्याच फोनवर विचारलं. मिठाने हे पाणी वाढत नाही, पण आयबुप्रोफेन चालू आहे, बीपी वाढू शकतो, म्हणून हात आखडता ठेवा, एवढंच उत्तर मिळालं. पाणी प्यायला कमी करायचं नव्हतं. पुरेसं प्यायचं होतं, नाहीतर किडनीला त्रास.

आता माझी चूक सांगते.

जुलैच्या मध्यापर्यंत आयबुप्रोफेन ठरल्याप्रमाणे कमी करत बंद झालं होतं. सीआरपी ४ आला होता. कोल्चिसिनने मात्र पोट बिघडलं होतं. दिवसातून तीन-चार वेळा पातळ. मुसळधार पावसात मागीलदारी जायचं म्हणजे जीव नकोसा व्हायचा. सासूबाई पेज वाढताना म्हणाल्या, "बरा वाटता मां आता? मगे ती औषधां कित्याक खातंस? पोट बिघडवन घेतंस नुसता." त्यांना दोष देत नाही, माझ्याही मनात तेच होतं. दुखणं नाही, दम नाही, रिपोर्ट चांगला. मी गोळी बंद केली आणि डॉक्टरांना कळवलं नाही. एक फोन केला असता तर गोळी जेवणानंतर घ्या, डोस कमी करून बघू, काहीतरी मार्ग निघाला असता. तीन महिन्यांचा कोर्स मी पाच आठवड्यांत संपवला.

चतुर्थी त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. चाकरमानी यायचे म्हणून घर झाडणं, भांडी काढणं, पाटावरवंट्याची कामं, सगळं अंगावर घेतलं. गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्तीच्या वर टांगायची माटवी बांधायला मुलं रानात जाऊन कवंडळं, हरणाची फुलं, सुपारीचं शिपटं, आंब्याचा टाळ घेऊन आली. मी खाली उभी राहून एकेक वर देत होते. हात वर केला आणि तीच कळ डाव्या खांद्यात गेली. ओळखीची. मी काही न बोलता पायरीवर बसले. रात्री आडवी होऊन बघितलं. जमेना.

गणपती आणला आणि दुपारी आम्ही कणकवलीला. पट्टी आता रुंद होती. १६ मिलिमीटर. सीआरपी ४८. तीन दिवस दाखल करून घेतलं, दर काही तासांनी बीपी आणि नाडी. सुईची वेळ आलीच तर फोंडा घाटाने कोल्हापूर किंवा महामार्गाने गोवा, हे डॉक्टरांनी ह्यांना आधीच सांगून ठेवलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि हे खिडकीशी उभे राहून घाटात दरड आहे का ते फोनवर विचारत होते. ते दृश्य मी विसरणार नाही.

त्या तीन दिवसांत डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि समजावलं. हा आजार पहिल्यांदा झालेल्या शंभरांतल्या पंधरा ते तीस जणांना कोल्चिसिन न घेता पुन्हा होतो. इटलीत मास्सिमो इमाझियो नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४० रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या औषधांसोबत निम्म्यांना तीन महिने कोल्चिसिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. आजार रेंगाळण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण कोल्चिसिनवाल्यांत १६.७ टक्के होतं, दुसऱ्यांत ३७.५ टक्के. "दुखणं आयबुप्रोफेनने जातं, ताई. ही छोटी गोळी आहे ती परत येऊ नये म्हणून. दुखत नाही तेव्हाच तिचं काम चाललेलं असतं." कामाच्या धबडग्यामुळे उलटलं का, हे मी विचारलं. नक्की सांगता येत नाही, पण सूज पूर्ण जाईपर्यंत विश्रांती हवीच, असं म्हणाले.

एका नातेवाइकांनी स्टेरॉइड सुचवलं होतं, दोन दिवसांत आराम पडतो म्हणून. आराम पडतो, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. पण डोस कमी करायला गेलं की हा आजार उलटण्याची शक्यता स्टेरॉइडने वाढते आणि कुठे टीबी लपलेला असेल तर तो उसळतो. बाकीचं चालत नसेल तरच. टीबीच्या तपासण्या त्यांनी या वेळी पुन्हा केल्या.

घरी आले तेव्हा गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं, चाकरमानी परतीच्या तयारीत होते. माटवीवर एक कळलावीचं फूल सुकत आलं होतं. आमच्या कुंपणाला ती दर पावसाळ्यात चढते. पानाचं टोक वळून तारेसारखं काठीला धरतं, पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग शेंदरी-लाल होत उलट्या वर वळतात. पेटलेल्या चुलीसारखं फूल, म्हणून कोणी अग्निशिखा म्हणतात, कोणी खड्यानाग. मुंबईच्या पुतण्याने फोनमध्ये वाचलं आणि म्हणाला, "काकी, तुझ्या गोळीत जे कोल्चिसिन आहे ना, ते कळलावीच्या कंदात आणि बियांतही असतं." ते खरंच आहे. तमिळनाडूत तिची शेती होते, बिया औषध काढण्यासाठी जातात. ओटीवर बसलेल्या कोणीतरी लगेच म्हटलं, मग कंद उगाळून घ्यावा, विकतचं कशाला.

सासूबाई आतून बाहेर आल्या. "हात लावशात कोण त्या कांद्याक! वीख आसा ता." त्यांच्या लहानपणी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप बाहेरून लावत, त्यावरूनच नाव कळलावी. पण पोटात घ्यायचं नाही, गुरांनाही खाऊ द्यायचं नाही, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलेलं. मी डॉक्टरांना पुढच्या वेळी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत कोल्चिसिनचं अंतर फार कमी आहे, कंदात किती आहे ते कोणाला मोजता येत नाही, आणि कळलावीच्या विषाने माणसं दगावलेली आहेत. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, म्हणाले. मी सांगितला. त्या दिवसापासून रात्रीची गोळी त्याच आठवण करून हातावर ठेवू लागल्या.

या वेळी कोल्चिसिन सहा महिने ठरलं होतं, जेवणानंतर. पहिले पंधरा दिवस पोट नाजूक राहिलं, मग सवयीने बसलं. आयबुप्रोफेन मात्र फार सावकाश उतरवायचं होतं. दिवसाचे १८०० मिलिग्रॅम, सीआरपी पाचच्या आत आल्यावर दर दोन आठवड्यांनी २०० कमी, आणि प्रत्येक पायरी उतरण्याआधी दुखत नाही ना आणि सीआरपी वाढला नाही ना हे बघायचं. कालनिर्णयच्या पानांवर मी रोजच्या चौकोनात गोळ्यांचा आकडा लिहायला लागले. सकाळची ६००, दुपारची ६००, संध्याकाळची ४००. कुठे दुखलं तर एक टिंब. ऑक्टोबरच्या पानावर चार टिंबं आहेत, नोव्हेंबरच्या पानावर एक. दर महिन्याला किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन तपासायचं, कारण दोन्ही औषधांना किडनी धड लागते. तपासणीसाठी मालवणला जायची ती एसटी अजून आठवते. खिडकीशी बसायचं, पिशवीत रिपोर्टची फाईल आणि पाण्याची बाटली.

इकोचे आकडे असे उतरले: १६, मग ११, दिवाळीनंतर ६.

डिसेंबरात खोकला झाला. तालुक्याच्या दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. चालू औषधं कोणती, हे तिथे विचारलं गेलं नाही आणि मीही आधी सांगितलं नाही. गोळी तोंडात टाकण्यापूर्वी फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं आठवलं, नवीन औषध विचारल्याशिवाय नाही. फोन केला. ते अँटिबायोटिक कोल्चिसिनला शरीरातून बाहेर पडू देत नाही, मग साध्या डोसनेही विषबाधा होऊ शकते. दुसरं औषध मिळालं. हे लिहिताना हात थांबतो, कारण ही गोष्ट मला कोणीच आपणहून सांगितली नसती. कोल्चिसिन घेणाऱ्या कोणीही ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

जानेवारीच्या शेवटी आयबुप्रोफेन संपलं. मग नुसतीच छोटी गोळी. त्या दिवसांत भीती जास्त वाटली. कुशीवर वळताना बरगडीत जराशी चमक आली की मी उठून बसायची, पुढे वाकून बघायची, मोठा श्वास घ्यायची. ह्यांना जाग यायची. ते काही विचारायचे नाहीत, पाठीवर हात ठेवून बसायचे. नाडी मोजायचे. दम लागला, भोवळ आली, हातपाय गार पडले तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा, हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. फोन करायची वेळ आली नाही.

शिमगा झाला, पालखी घरोघर फिरून गेली आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा त्या इकोच्या टेबलावर डाव्या कुशीवर झोपले. जेल गार लागलं. डॉक्टर पडद्यावर बराच वेळ शोधत होते. फुल्या मारायला त्यांना काळी पट्टी सापडेना. "नेहमी असतं तेवढंच आहे," म्हणाले. आवरण जाड झालेलं नाही, हृदय नीट फुगतंय हेही बघितलं. कोल्चिसिन बंद. महिन्याने एकदा सीआरपी.

एप्रिलात तो २ आला. मे महिन्यात रातांबे फोडायला बसले, दिवसाला दोन टोपल्या, गेल्या वर्षीच्या निम्म्याने. बाकीचे जाऊबाई आणि मुली फोडतात. पुढचा इको सप्टेंबरात आहे. तारीख चतुर्थीनंतरची घेतली आहे आणि या वेळी माटवीचं सामान वर द्यायला पुतण्या येणार आहे.